नेल्सनच्या मागे एक पाऊल: शिडांच्या काळातल्या नौदल अधिकाऱ्याची बढती

उलटा_वारा (धागाकर्ता)

२१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरपाशी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराची फळी सगळ्यात आधी फोडली ती 'रॉयल सॉव्हरिन' या ब्रिटिश जहाजानं. त्या जहाजावर होता कथबर्ट कॉलिंगवूड, ताफ्यात नेल्सनच्या खालोखालचा ॲडमिरल. नेल्सनचं 'व्हिक्टरी' थोड्या वेळानं येऊन भिडलं. दुपारी नेल्सन गेला आणि उरलेली लढाई, मागून आलेलं वादळ, लंडनला धाडायचा खलिता, सगळं कॉलिंगवूडच्या गळ्यात आलं. या माणसाची अख्खी नोकरी पाहिली तर नेल्सनच्या पुढे असण्याचा हा बहुधा एकच दिवस. एरवी तो कायम त्याच्या एक पाऊल मागे, तेही वयानं दहा वर्षांनी मोठा असून.

हे असं का झालं, ते समजायला आधी त्या काळच्या ब्रिटिश नौदलातला बढतीचा जिना बघावा लागतो.

पोरगा बारा-तेरा वर्षांचा झाला की एखाद्या कप्तानाच्या हवाली करायचा. पोरांना निवडून घेणारी कचेरी वगैरे काही नव्हती. जहाजावर कुणाला घ्यायचं ही कप्तानाची मर्जी, त्यामुळे मामा, काका, गावचा जमीनदार, ज्याच्याकरवी जमेल त्याच्याकरवी शब्द टाकायचा. मग पोरगा डोलकाठीवर चढायला, शिडं आवळायला, दुपारच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायला शिकणार. सहा वर्षं समुद्रावर काढल्याचे दाखले जमले की लेफ्टनंटची परीक्षा, आणि तीही तोंडी. समोर अनुभवी कप्तान बसलेले. वारा एकदम फिरला, किनारा जवळ आहे, वरची डोलकाठी मोडली, आता काय हुकूम देशील? ही परीक्षा १६७७ मध्ये नौदल खात्याचा सचिव सॅम्युअल पेपीस यानं सुरू केली, आणि माझ्या मते ब्रिटिश नौदलाचं पुढचं सव्वाशे वर्षांचं यश तिच्यात बरंचसं दडलंय. त्यांच्या लष्करात अधिकारपद सरळ विकत मिळे, पार १८७१ पर्यंत. नौदलात ती सोय नव्हती. लॉर्डाच्या मुलालाही आधी वादळात दोर धरावा लागे.

पास झालं म्हणजे लगेच लेफ्टनंट झालं असं नाही, जागा रिकामी हवी. लेफ्टनंटच्या वर कमांडर, म्हणजे छोट्या लढाऊ जहाजाचा प्रमुख. त्याच्या वर पोस्ट कॅप्टन, म्हणजे वीस किंवा जास्त तोफांच्या जहाजावर रीतसर नेमलेला पूर्ण कप्तान. आणि इथे सगळा खेळच बदलतो. पोस्ट कॅप्टन झाल्याच्या तारखेनं तुमचं नाव एका सेवाज्येष्ठता यादीत लागलं, की तिथून ॲडमिरल होईपर्यंत कुणी कुणाला ओलांडायचं नाही. वरचे मरतील तसं खालच्यांनी सरकायचं. तुम्ही दहा लढाया मारा की घरी बसून कोबी लावा, यादीतली जागा तीच.

म्हणून धडपड सगळी पोस्ट कॅप्टन होईपर्यंतची. किती लवकर यादीत शिरता, यावर म्हातारपणी काय होणार ते ठरलं.

आता हे दोघे. नेल्सन १७५८ चा, नॉरफकमधल्या पाद्र्याचा मुलगा. घरात पैसा नाही, पण मामा मॉरिस सकलिंग नौदलात कप्तान. १७७१ मध्ये बाराव्या वर्षी मामाच्याच 'रेझोनेबल' जहाजावर चढला. १७७५ मध्ये मामा थेट कंट्रोलर झाला, म्हणजे जहाजं, गोद्या, सामानसुमान बघणाऱ्या खात्याचा प्रमुख. एप्रिल १७७७ मध्ये भाचा परीक्षेला बसला तेव्हा परीक्षकांत मामा होताच. नियमानं वय वीस हवं, भाचा अठराचा. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट.

कॉलिंगवूड १७४८ चा, न्यूकॅसलमधल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. बापाचं दिवाळं निघालेलं. १७६१ मध्ये नात्यातल्या एका कप्तानाच्या जहाजावर लागला. दोनच वर्षांत ब्रिटन-फ्रान्समधलं 'सात वर्षांचं युद्ध' संपलं आणि तह झाला. तह म्हणजे जहाजं गोदीत आणि बढत्या बंद. त्याला लेफ्टनंट व्हायला १७७५ उजाडलं. तेही बॉस्टनला, अमेरिकन बंडखोरांशी झालेल्या बंकर हिलच्या लढाईत, १७ जूनला, जखमी सैनिक होड्यांतून आणायचं आणि रसद पोचवायचं काम त्यानं गोळ्यांच्या वर्षावात केलं म्हणून. चौदा वर्षं! नेल्सनला सहा लागली.

त्यावर कडी म्हणजे १७७७ मध्ये त्याच्या कप्तानानं त्याच्यावर कोर्ट मार्शल लावलं. हुकूम पाळत नाही, कामात हयगय करतो वगैरे. कोर्टानं सोडलं निर्दोष, पण जाता जाता शेरा मारला, की यानं काम जरा उत्साहानं करावं. (तो कप्तान कसा होता हे वाचलंत तर कॉलिंगवूडची दया येईल.)

मग जमैका. तिथला प्रमुख सर पीटर पार्कर. परदेशी ठाण्यावरच्या ॲडमिरलकडे खरी ताकद असे, कारण तिथे कुणी मेला की ती जागा तोच भरी, लंडन नंतर शिक्का मारी. पार्कर पती-पत्नीला नेल्सन आवडला. नेल्सन 'लोस्टॉफ' या फ्रिगेटवरून (फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराचं वेगवान लढाऊ जहाज) पार्करच्या जहाजावर गेला, 'लोस्टॉफ'वरच्या त्याच्या जागी कॉलिंगवूड. डिसेंबर १७७८ मध्ये नेल्सन 'बॅजर'चा कमांडर, पुढच्या वर्षी 'बॅजर'वर कॉलिंगवूड. जून १७७९ मध्ये नेल्सन 'हिंचिनब्रूक'चा पोस्ट कॅप्टन झाला, वय वीस. १७८० मध्ये 'हिंचिनब्रूक'वरही कॉलिंगवूड, वय एकतीस. सलग तीन जहाजं! प्रत्येक वेळी हा उठला की तो बसला.

शेवटची खुर्ची कशी रिकामी झाली तेही बघा. 'हिंचिनब्रूक' आजच्या निकाराग्वातल्या सान हुआन नदीच्या मोहिमेवर होतं. ताप आणि हगवणीनं माणसं पटापट मेली. नेल्सन स्वतः मरणाच्या दारातून परत आला आणि दुसऱ्या जहाजावर नेमला गेला. कॉलिंगवूडनं नंतर लिहून ठेवलंय की दोनशेतली एकशेऐंशी माणसं त्यानं चार महिन्यांत पुरली. नौदलातल्या अधिकाऱ्यांचा प्रत्येक वाराचा एक ठरलेला पेला असे. गुरुवारी पेला उचलून म्हणायचं: रक्तबंबाळ युद्ध होवो आणि रोगराईचा हंगाम येवो. काळा विनोद खरा, पण बढतीचा हिशेब अगदी बरोबर.

यादीत दोघांमध्ये नऊएक महिन्यांचं अंतर पडलं आणि ते जन्मभर पुसलं गेलं नाही. नेल्सन रिअर ॲडमिरल, म्हणजे ॲडमिरलांतल्या सगळ्यात खालच्या पायरीवर, झाला फेब्रुवारी १७९७ मध्ये, कॉलिंगवूड फेब्रुवारी १७९९ मध्ये. गंमत म्हणजे नेल्सनची ती बढती केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईतल्या पराक्रमामुळे झाली असं सगळे समजतात. प्रत्यक्षात यादी सरकली म्हणून झाली, लढाईची बातमी इंग्लंडला पोचायची होती.

तर माझं म्हणणं एवढंच: त्या काळच्या नौदलात शौर्यानं तुम्हाला दारापर्यंत आणलं असेल, आत घेतलं ते मामानं, तापानं आणि युद्धानं. मंडळी, बोला.

---

निवृत्त_लेखनिक

वाहवा! जन्म सेवाज्येष्ठता याद्या टंकण्यात गेला, त्यामुळे हा धागा जेवण बाजूला ठेवून वाचला. आमच्याकडे निदान हरकती मागवत असत.

दोन शंका. जहाज नसेल तेव्हा या लोकांना पगार काय? आणि यादी अशी दगडी असेल तर नालायक, आजारी, वेडसर कप्तानही आपोआप ॲडमिरल होणार, त्यांचं काय करायचे?

उलटा_वारा

काका, जहाज नाही तर अर्धा पगार. निवृत्तीचं वय नाही, निवृत्तिवेतनही नाही. अर्धा पगार हीच दोन्हींची जागा. खुद्द नेल्सन १७८७ च्या अखेरीपासून जानेवारी १७९३ पर्यंत बापाच्या गावी बायकोसोबत अर्ध्या पगारावर बसून होता. ॲडमिरल्टीला, म्हणजे लंडनमधल्या नौदलाच्या वरिष्ठ कचेरीला, पत्रांवर पत्रं, उत्तर शून्य. फ्रान्सशी युद्ध पेटायची चिन्हं दिसली आणि त्याला 'अगामेम्नॉन' मिळालं.

नालायकांसाठी १७४७ मध्ये मस्त तोड काढली. ॲडमिरल निळ्या, पांढऱ्या आणि लाल अशा तीन पथकांत विभागलेले असत. ज्याला वर घ्यायचं नाही त्याला बढती द्यायची, मान द्यायचा, त्या हुद्द्याचा अर्धा पगार द्यायचा, पण कुठलंच पथक द्यायचं नाही. त्यांना चेष्टेनं पिवळे ॲडमिरल म्हणत. मग खालचा लायक माणूस नियम न मोडता वर येई.

निवृत्त_लेखनिक

म्हणजे 'पदोन्नतीने बाजूला'! ही युक्ती आमच्या खात्यानं स्वतः शोधली असं मी इतकी वर्षं समजत होतो.

---

तिरकस

लेख छान, पण निष्कर्षाला विरोध. वशिला होता हे खरं. पण वशिला लावणाऱ्याचाही स्वार्थ होता की. पार्करनं गाढवाला जहाज दिलं असतं आणि त्यानं ते खडकावर घातलं असतं, तर पार्करचंच नाक कापलं गेलं असतं. शिवाय बक्षिसाच्या पैशात ॲडमिरलचा वाटा असे, मग तो फ्रिगेटवर कर्तबगार माणूसच बसवणार. वशिला आणि गुणवत्ता इथे एकमेकांचे वैरी नव्हते.

आणि थॉमस कॉक्रेनचं काय करणार? मे १८०१, बार्सिलोनाजवळ. 'स्पीडी' नावाचं १४ तोफांचं चिमुकलं जहाज, माणसं ५४. समोर स्पेनचं 'गामो', ३२ तोफा, तीनशेच्या वर माणसं. पठ्ठ्या इतका चिकटून गेला की 'गामो'च्या तोफांचे गोळे डोक्यावरून जायला लागले, आणि मग चढून जहाजच ताब्यात घेतलं. त्याच वर्षी पोस्ट कॅप्टन. हे मामानं केलं का?

उलटा_वारा

मामानं नाही, काकानं केलं. :) कॉक्रेनचा काका अलेक्झांडर कप्तान होता. पुतण्या पाच वर्षांचा असल्यापासून त्याचं नाव काकाच्या जहाजांच्या हजेरीपटावर. पोरगा घरी पाटी गिरवतोय आणि कागदावर समुद्रावरची नोकरी साठतेय. प्रत्यक्ष चढला सतराव्या वर्षी. नावं अशी चढवणं बेकायदा होतं आणि सर्रास चाले.

'गामो'चा पराक्रम अस्सल, त्यात वाद नाही. पण पुढचंही बघा. १८०९ च्या, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बास्क रोड्सच्या हल्ल्यानंतर तो आपल्याच ॲडमिरलवर उघड बोलला, १८१४ मध्ये शेअर बाजाराच्या घोटाळ्यात दोषी ठरला आणि नौदलातून नाव खोडलं गेलं. मग चिली, ब्राझील, ग्रीस अशा परक्या आरमारांत मर्दुमकी. १८३२ मध्ये माफी मिळून परत घेतलं ते रिअर ॲडमिरल म्हणून, कारण यादी सरकत सरकत त्याचा नंबर तोवर तिथे आलेला होता. इतकं सगळं होऊनही शेवटी माणूस यादीतच येऊन बसला.

तिरकस

पाच वर्षांच्या पोराची हजेरी! हे मान्य. पण स्वार्थाचा माझा मुद्दा उभा आहे, त्याला तुम्ही हात लावलेला नाही.

---

जाईजुई

बक्षिसाच्या पैशांवर कुणी नीट लिहा ना. शत्रूचं जहाज पकडलं तर ते सरकारजमा होत नसे का?

उलटा_वारा

न्यायालयात रीतसर बक्षीस ठरलं की जहाज आणि माल विकून रक्कम पकडणाऱ्यांत वाटत. १८०८ पर्यंतचा वाटा असा: आठ भाग करायचे, तीन कप्तानाचे (त्यातला एक वरच्या ॲडमिरलचा, तो तिथे नसला तरी), तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या गटांचे, आणि शेकडो खलाशांना मिळून दोन. १७६२ मध्ये काडिझजवळ 'हर्मायनी' हे स्पॅनिश खजिन्याचं जहाज दोन ब्रिटिश जहाजांनी धरलं. दोन्ही कप्तानांना प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड, साध्या खलाशाला ४८० च्या वर. खलाशाच्या मानानं तीसएक वर्षांचा पगार.

तिरकस यांच्या मुद्द्याला इथे माझी अर्धी मान्यता. ॲडमिरलला त्या एका भागाची चटक असल्यामुळे फ्रिगेटवर कामाचा माणूस बसे. मात्र उरलेला अर्धा भाग असा, की भरपूर बक्षिसं मिळणाऱ्या टापूत लाडकी फ्रिगेटं फिरत आणि बंदराच्या नाकेबंदीवर दोडकी सडत. कॉलिंगवूडची बहुतेक वर्षं नाकेबंदीत गेली.

हर्णैचा_पोऱ्या

बक्षिसाचा विषय निघालाच आहे तर आपल्या दारातलं उदाहरण सांगतो. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग, इंग्रजांच्या कागदांत घेरिया. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र. समुद्रावर रिअर ॲडमिरल वॉटसन, जमिनीच्या फौजेवर क्लाइव्ह. किल्ला पडायच्या आधीच मुंबईत बसून इंग्रजांनी लूट आपसांत कशी वाटायची ते ठरवून ठेवलेलं. क्लाइव्ह लेफ्टनंट कर्नल, त्याला नौदलाच्या कप्तानाइतका वाटा दिला म्हणून लष्करवाले रुसले. शेवटी वॉटसन म्हणाला, फरक मी माझ्या खिशातून देतो, आणि क्लाइव्हनं तो घेतला नाही. या सगळ्या उदारपणात पेशव्यांचं नाव कुठेच नव्हतं. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपये निघाले, ते इंग्रजांनी वाटून घेतले, मराठ्यांना त्यातलं काही नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १७५५ मध्ये, आमचा सुवर्णदुर्ग घेतला तो विल्यम जेम्सनं. हा राजाच्या नौदलातला नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या आरमारातला, बॉम्बे मरीनमधला. 'प्रोटेक्टर' हे त्याचं जहाज. किल्ल्यातल्या दारूगोळ्याला आग लागून स्फोट झाला आणि काम सोपं झालं. पुढे लंडनला जाऊन कंपनीचा डायरेक्टर, सर, खासदार. तो मेल्यावर बायकोनं लंडनच्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये त्याच्या आठवणीसाठी मनोरा बांधला, नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्गाचं साहेबी रूप! अजून उभा आहे.

उलटा_वारा

जेम्सचं उदाहरण भारी, कारण तो धाग्यातल्या जिन्याच्या बाहेरचा माणूस आहे. राजाचे अधिकारी कंपनीच्या मरीनवाल्यांना बरोबरीचं मानत नसत. पण पैसा आणि पत कंपनीकडे लवकर मिळे. वॉटसनचं विजयदुर्गानंतर दीड वर्षातच कलकत्त्यात निधन झालं. जेम्स घरी जाऊन जगला.

---

सह्यकडा

इतकं सगळं साहेबाच्या आरमाराबद्दल. आपल्याकडे बढती कशी होत होती, त्यावर कुणी लिहिणार का?

हर्णैचा_पोऱ्या

थोडक्यात लिहितो, मोठा विषय आहे. वरची पदं घराण्यात. कान्होजी आंग्रे सरखेल (आरमाराचे प्रमुख), ते स्वतःच्या मनगटावर. १७२९ मध्ये ते गेल्यावर सेखोजी. सेखोजी १७३३ मध्ये गेल्यावर संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. १७३५ मध्ये पेशव्यांनी वाटणी करून दिली, कुलाबा मानाजीला, विजयदुर्ग आणि सरखेली संभाजीला. संभाजीनंतर तुळाजी. विजयदुर्ग पडल्यावर पेशव्यांचं आरमार धुळपांकडे, आणि तिथेही पुढे तेच घराणं. आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीच्या समुद्रात इंग्रजांचं 'रेंजर' धरलं, ती लढाई कुठल्याही आरमारानं मिरवावी अशी.

माणसं कमी नव्हती हो. भंडारी, कोळी, गाबित, खारवी, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर. पण त्यांच्यातल्या हुशार तांडेलाला (खलाशांच्या म्होरक्याला) परीक्षा देऊन सुभेदार होता येईल अशी वाट नव्हती. धागाकर्त्याचा पेपीस इथे आठवतो.

सह्यकडा

साहेबाकडे तरी साध्या खलाशाला ती वाट होती का? की तीही कागदावरच?

उलटा_वारा

अरुंद होती, पण होती. जेम्स कुक १७५५ मध्ये साधा खलाशी म्हणून नौदलात आला, १७७५ मध्ये पोस्ट कॅप्टन. थॉमस ट्रबरिज लंडनमधल्या पाव भाजणाऱ्याचा मुलगा, तो रिअर ॲडमिरल आणि सर झाला. आणि जॉन पर्किन्स: जमैकाचा, वर्णानं मिश्र, जन्मानं बहुधा गुलाम. वेस्ट इंडिजची खडकाळ बेटं त्याला तोंडपाठ, बारक्या स्कूनरवरून शेकड्यांनी जहाजं धरली. १८०० मध्ये पोस्ट कॅप्टन. गुलामांच्या व्यापारावर पोसलेल्या बेटांत, त्याच साम्राज्याच्या गणवेशात! त्याची सगळी नोकरी मात्र तिकडेच गेली.

---

बंदरावरची

माझी भर मुंबईची. नेल्सन मिडशिपमन (अधिकारी व्हायच्या वाटेवरचा उमेदवार) असताना 'सीहॉर्स' जहाजावरून आपल्याकडे आला होता, १७७३ ते १७७६ ही वर्षं त्याची हिंदी महासागरात गेली. फेब्रुवारी १७७५ मध्ये हैदर अलीच्या दोन जहाजांशी चकमक झाली, ती त्याची पहिली लढाई. मुंबईला हिवतापानं इतका खंगला की मार्च १७७६ मध्ये 'डॉल्फिन'वरून घरी धाडला. वर ज्या ट्रबरिजचं नाव आलं तोही 'सीहॉर्स'वर त्याच्याबरोबर होता.

आणि ते अधिकारी ज्यावर उभे राहत ती काही जहाजंही इथलीच. वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत सागवानाची 'मिंडेन' (१८१०), 'कॉर्नवॉलिस' (१८१३), 'त्रिंकोमाली' (१८१७) बांधली. 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह झाला. 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

जाईजुई

ट्रबरिजचं पुढे काय झालं?

बंदरावरची

वाईट झालं. पूर्वेकडच्या समुद्राची कमान पेल्यू हा दुसरा ॲडमिरल आणि ट्रबरिज यांच्यात वाटली गेली आणि दोघांचं बिनसलं. ट्रबरिजची बदली दक्षिण आफ्रिकेतल्या केपला झाली. १८०७ च्या सुरुवातीला मद्रासहून निघाला तो 'ब्लेनहाइम'वरून, जहाज जुनं आणि खिळखिळं. मादागास्करच्या बाजूला वादळात गेलं, एकही माणूस सापडला नाही.

---

निवृत्त_लेखनिक

यादीचं सगळ्यात टोकाचं उदाहरण कुठलं? म्हणजे फक्त जगून कोण किती वर गेला?

उलटा_वारा

काका, तुमच्यासाठीच ठेवलं होतं. प्रोव्हो वॉलिस. जन्म १७९१, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा, बाप तिथल्या नौदलाच्या गोदीत कारकून. चौथ्या वर्षी नाव हजेरीपटावर. १ जून १८१३ ला बॉस्टनसमोर 'शॅनन'नं अमेरिकेचं 'चेसापीक' पंधराएक मिनिटांत घेतलं. 'शॅनन'चा कप्तान ब्रोक जबर जखमी, पहिला लेफ्टनंट ठार, म्हणून दुसरा लेफ्टनंट वॉलिस जहाज घेऊन सहा दिवसांत हॅलिफॅक्सला आला. ते सहा दिवस त्याला जन्मभर पुरले. १८१९ मध्ये पोस्ट कॅप्टन, १८५१ मध्ये रिअर ॲडमिरल, १८७७ मध्ये ॲडमिरल ऑफ द फ्लीट, म्हणजे नौदलातला सगळ्यात वरचा हुद्दा.

दरम्यान १८७० मध्ये सक्तीच्या निवृत्तीची योजना आली. तिच्यात सूट अशी, की नेपोलियनच्या युद्धांत ज्यांनी जहाजाचं आधिपत्य केलं ते हयातभर सेवेत राहतील. वॉलिसचे सहा दिवस त्यात बसले! १८९२ मध्ये शंभराव्या वर्षी वारला तेव्हा पूर्ण पगारावर सेवेत होता. ॲडमिरल्टीनं त्याला सुचवलं म्हणे, की बाबा निवृत्त व्हा, नाहीतर उद्या समुद्रावर नेमणूक आली तर जावं लागेल. त्यानं कळवलं, मी तयार आहे.

निवृत्त_लेखनिक

दंडवत.

तिरकस

१८१५ नंतर तर ही यादी भयंकरच तुंबली असणार.

उलटा_वारा

हो. युद्धाच्या भरात नौदलात सुमारे १,४०,००० माणसं, तह झाल्यावर काही वर्षांत ती वीस हजारांच्या आसपास. खलाशी घरी धाडता आले, अधिकाऱ्यांना कोण काढणार? हजारो लेफ्टनंट अर्ध्या पगारावर, त्यातले कित्येक परत कधी जहाजावर चढलेच नाहीत.

---

जाईजुई

कॉलिंगवूड तर अर्धाच राहिला. बायकापोरं होती का? एवढी वर्षं बाहेर म्हणजे घरचं काय?

उलटा_वारा

१७९१ मध्ये, अर्ध्या पगाराच्या दिवसांत, सारा ब्लॅकेटशी लग्न झालं. दोन मुली. मॉरपेथला घर. १७९३ मध्ये युद्ध लागल्यापासून मरेपर्यंतच्या सतरा वर्षांत तो सगळं मिळून जेमतेम वर्षभर घरी होता. मुलींना भूगोल आणि भूमिती शिकवा, कापूस-रेशमाचे नखरे नकोत, अशी पत्रं धाडी. सोबतीला बाउन्स नावाचा कुत्रा. फिरायला जाताना खिशात ओकच्या बिया ठेवी आणि मोकळी जागा दिसेल तिथे टाकी, पुढे जहाजांना लाकूड कमी पडू नये म्हणून. फटके मारायची शिक्षा त्याच्या जहाजावर विरळा, आणि तरी शिस्त कडक.

ट्रफाल्गरनंतर बॅरन, म्हणजे लॉर्ड, झाला, भूमध्य समुद्राची कमान मिळाली. पोटाचं दुखणं वाढत गेलं, घरी येऊ द्या म्हणून विनंत्या केल्या, पण त्याच्या तोडीचा माणूस नाही म्हणून सोडेनात. अखेर परवानगी आली. मार्च १८१० मध्ये मिनोर्काहून निघाला आणि दुसऱ्याच दिवशी जहाजावर वारला. मुलगा नसल्यामुळे बॅरनपद तिथेच संपलं.

बंदरावरची

त्याचं पदकाचं प्रकरण राहिलं की.

उलटा_वारा

हां! १ जून १७९४ च्या, फ्रेंचांशी झालेल्या लढाईत तो 'बार्फ्लर'वर होता. त्याच्या ॲडमिरलचा पाय गेल्यावर लढाई यानंच चालवली. ताफ्याचा प्रमुख लॉर्ड हाउ, त्याच्या खलित्यात नाव नाही, म्हणून पदक नाही. १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटला 'एक्सलंट'नं त्यानं अशी कामगिरी केली की पदक द्यावंच लागलं. हा म्हणाला, आधीचं मिळाल्याशिवाय हे घेणार नाही. दोन्ही आली.

तिरकस

हे आवडलं. पण मग ट्रफाल्गरनंतर नांगर टाका असं नेल्सन मरताना सांगत असताना यानं नांगर टाकला नाही, त्याचं काय? पकडलेल्या सतरा-अठरा जहाजांतली फक्त चार जिब्राल्टरला पोचली. बाकीची वादळानं नाहीतर जाळून-बुडवून गेली. म्हणजे सगळ्यांचं बक्षीस पाण्यात.

उलटा_वारा

अर्ध्या जहाजांचे नांगरदोरच गोळ्यांनी तुटलेले होते, मोडक्या डोलकाठ्या घेऊन सगळे किनाऱ्याकडे वाहत चाललेले. शिवाय यानं आपलं एकही जहाज गमावलं नाही. बक्षिसाचं म्हणाल तर पार्लमेंटनं ३,००,००० पौंड वेगळे मंजूर केले. माझ्या मते त्याचं बरोबर होतं. पण त्याच्याच ताफ्यातल्या काहींना तसं वाटत नव्हतं, हेही खरं.

आणि त्या लढाईनंतरच्या बढत्या बघाल तर माझाच मुद्दा पुन्हा येतो. 'व्हिक्टरी'वर ज्येष्ठ लेफ्टनंट होता जॉन पास्को. नेल्सननं त्याला निशाणांच्या कामावर लावलं. 'प्रत्येकजण आपलं कर्तव्य करील अशी इंग्लंडची अपेक्षा आहे' हा प्रसिद्ध संदेश पास्कोनंच चढवला, त्यातला एक शब्दही त्यानंच सुचवून बदलला. पहिल्या लेफ्टनंटचं काम मात्र ज्येष्ठतेनं खालच्या जॉन क्विलियमकडे दिलं. रिवाज असा, की लढाई जिंकणाऱ्या जहाजाच्या पहिल्या लेफ्टनंटला बढती. २४ डिसेंबर १८०५ ला क्विलियम थेट पोस्ट कॅप्टन झाला, पास्को नुसता कमांडर. पास्को त्या लढाईत जबर जखमी झालेला. त्याला पोस्ट कॅप्टन व्हायला १८११ उजाडलं.

तिरकस

पण या क्विलियमला तर सक्तीनं पकडून नौदलात आणलेलं ना? आयल ऑफ मॅनचा शेतकऱ्याचा पोरगा. त्याला कुठला मामा होता?

उलटा_वारा

कुठलाच नाही. तो मुद्दा तुमचा.

निवृत्त_लेखनिक

आणि पास्को? त्याचं नाव शेवटी कुठवर सरकलं?

उलटा_वारा

१८४७ मध्ये रिअर ॲडमिरल. क्विलियम त्याच्या खूप आधी, १८२९ मध्येच, कप्तान म्हणूनच वारला होता.